मूळपुरुष सापडेना

आमच्या तात्यांना एक सरदार हवा आहे. फार मोठा नको, पाचपन्नास घोड्यांचा चालेल, पण तो आमच्या घराण्यातला हवा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर काढला. टाकी गळायची थांबली तेव्हा ते इतिहासाकडे वळले. तेव्हापासून आमच्या घरातला एकही मेलेला माणूस सुखात नाही.

सरदारच का, असं त्यांना विचारायचं नसतं. वंशाच्या शोधाला निघालेला माणूस काय सापडायला हवं ते ठरवूनच घराबाहेर पडतो. ‘आमचे पूर्वज पेंढारी होते हो!’ असं कौतुकानं सांगणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. पेंढारी होते तर हजारोंनी, आणि त्यांना मुलंबाळंही झालीच असणार. ती सगळी गेली कुठे? बहुधा सरदारांच्या घरात दत्तक गेली असावीत.

मधली एखादी पिढी सापडत नसेल तर त्यावर रामबाण उपाय आहे, पानिपत. 14 जानेवारी 1761 या एका दिवसावर मराठी घराण्यांनी जेवढे हरवलेले पूर्वज टाकलेत, तेवढे सगळे तिथे खरंच असते तर अब्दाली आल्या पावली परत गेला असता. जुन्या कुलवृत्तांतांत निदान प्रामाणिकपणा होता. एखाद्या नावापुढे नुसतं ‘परागंदा’ लिहून संपादक मोकळा व्हायचा. परागंदा म्हणजे कर्ज, भाऊबंदकी किंवा गावातली एखादी भानगड, हे वाचणाऱ्याला समजायचं. आता ‘परागंदा’ कोणाला चालत नाही. त्याच्या हातात भाला देतात आणि त्याला उत्तरेत पाठवतात.

आम्ही बोरगावकर. म्हणजे मूळचे बोरगावचे, इथपर्यंत घरात एकमत आहे. कुठलं बोरगाव, इथून पुढे भांडण. साताऱ्याजवळ एक बोरगाव आहे, सांगलीच्या वाळवे तालुक्यात एक आहे, अकोल्याकडे बोरगाव मंजू आहे, आणि नकाशावर भिंग धरलं की उरलेली डोकं वर काढतात. गावांना नावं देताना आपल्या लोकांनी फारसं डोकं चालवलेलं नाही. समोर वड दिसला, वडगाव. पिंपळ दिसला, पिंपळगाव. चिंच दिसली, चिंचोली. काहीच दिसलं नाही, नवेगाव. झाडं सगळीकडे तीच, त्यामुळे गावंही तीच. चिपळूणकर किती सुखी आहेत याची त्यांना कल्पना नाही.

शिवाय ‘कर’ व्हायची एक अट असते, ती लोक विसरतात. गावात राहून ‘कर’ होता येत नाही. बोरगावात सगळेच बोरगावचे. तिथे कोणी ‘अहो बोरगावकर’ अशी हाक मारली तर अख्खं गाव ओ देईल. त्यासाठी गाव सोडावं लागतं. मल्हारराव होळकरांचंच घ्या. ते लहानपणी वडील वारल्यावर नीरेकाठचं होळ सोडून आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाकडे गेले. पुढे इंदूरपर्यंत होळकरांचा दरारा झाला, आणि होळ हे गाव न पाहिलेल्या लाखो लोकांच्या तोंडी त्या गावाचं नाव बसलं. म्हणजे प्रत्येक ‘कर’ आडनावामागे गाव सोडून गेलेला एक माणूस उभा आहे. का सोडलं, ते आडनाव सांगत नाही. तात्यांच्या मते स्वारीवर गेले. काकूंच्या मते सावकार आला असेल.

तात्या त्यांतल्या एका बोरगावला प्रत्यक्ष जाऊन आले. मी गाडी चालवायला होतो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला तात्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “आम्ही बोरगावकर. आमचं मूळ गाव हेच.” एवढं म्हटल्याबरोबर पारावरची गप्पांची लय थांबली. कोणीतरी पान जुळवत होता, तो जुळवायचा थांबला. म्हातारा तात्यांच्या बुटांपासून चष्म्यापर्यंत हळूहळू चढत गेला आणि म्हणाला, “बोरगावकर न्हाईत हितं कुनी. कदीच नव्हते.” मग थोडं थांबून, “जमिनीचं काय हाय का?”

हा प्रश्न तात्यांना फार लागला. ते मुळं शोधायला गेले होते आणि गावानं सातबारा झाकला. पण गावाचंही चूक नाही. शहरातला माणूस पांढरे कपडे घालून ‘आमचे पूर्वज इथले’ म्हणत आला की त्याच्या मागोमाग फेरफाराचा अर्ज येतो, हा गावाचा अनुभव आहे. ‘तसं काही नाही, आम्हाला फक्त कुळाची माहिती हवी’ असं तात्या म्हणाले, तेव्हा तर दोघं उठून तलाठ्याकडेच गेले. ‘कुळ’ हा शब्द तिथे वापरायला नको होता. कूळकायद्यात अर्ध्या गावाच्या जमिनी इकडच्या तिकडे झालेल्या.

या बाबतीत मला कोकणातल्या बेने इस्रायलींचं फार कौतुक वाटतं. त्यांची परंपरा सांगते, की जहाज फुटून सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली. त्या सात मूळपुरुषांची नावं काही राहिली नाहीत. राहिली ती गावांची: पेणकर, नागावकर, दिवेकर, केहिमकर. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, तेही त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. पुढे 1948 नंतर बरेच जण इस्रायलला गेले. आज तिथल्या वाळवंटातल्या दिमोना शहरात पेणकर सापडतात. दोन हजार वर्षांची वंशावळ सांगता येण्यासारखे लोक, पण आडनाव विचाराल तर रायगड जिल्ह्यातलं एसटीचं स्टँड.

आणि गोव्यात तर देवसुद्धा स्थलांतरित. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळी. पोर्तुगिजांच्या धास्तीनं 1560 मध्ये भक्तांनी रातोरात देव हलवला तो नदीपलीकडे प्रियोळला. तिथे मंगेशी झाली आणि तिथल्या दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतलं. मागे राहिलेल्यांतले जे बाटले त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळालं. त्यामुळे गोव्यातला एखादा डिसोझा फेणीचा दुसरा पेला झाल्यावर हळूच सांगतो, ‘आमी मूळचे कामत.’ त्याला लिस्बनमध्ये पूर्वज शोधावा लागत नाही, एवढं त्याचं काम सोपं.

ज्यांची आडनावं हुद्द्यांवरून पडली त्यांचं तर निराळंच. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, हे शाळेत सगळे शिकतात. नाना फडणवीस हे भानू, हे परीक्षेपुरतं शिकतात. चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस हा सगळा फारशी वळणाचा कारकुनी ताफा. यांच्या पूर्वजांनी आयुष्यभर लिहिलं, पण स्वतःचं मूळ आडनाव लिहून ठेवायचं बहुतेकांना सुचलं नाही. कुलकर्ण्यांची वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, पाटीलकी 1962 च्या. हुद्दे गेले, पाट्या राहिल्या. आमच्या इमारतीत किल्लेदार आहेत, त्यांच्या फ्लॅटची किल्ली कायम शेजारी असते.

पण आडनावांचा खरा कारखाना म्हणजे गाव, आणि गावाला भीडभाड नव्हती. माणूस समोरून आला की त्याच्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरेल ते त्याचं नाव. बोबडे, बहिरट, लंगडे, वाकडे, काणे, टकले. कोणाचं खाणं लक्षात राहिलं, दहीभाते. कोणाची बसायची पद्धत, उकिडवे. कोणाची मुलं मोजली, पाचपुते, सातपुते, अष्टपुत्रे, दशपुत्रे. नऊ जणांवर का कोणी थांबलं नाही, कोण जाणे. आगलाव्यांच्या मूळपुरुषानं नक्की काय केलं हे विचारायचं माझं धाडस होत नाही. ही सगळी नावं दुसऱ्यांनी ठेवलेली आहेत. स्वतःचं आडनाव स्वतः निवडायची सोय असती तर महाराष्ट्रात एकही ढेकणे, गाढवे किंवा डुकरे सापडला नसता, सगळे सहस्रबुद्धे झाले असते. गावानं चेष्टेनं मारलेली हाक पणतू अभिमानानं पितळी पाटीवर कोरतो आणि तिच्यात शौर्य शोधतो. घोरपड्यांचा पूर्वज घोरपडीला दोर बांधून किल्ला चढला, ही कथा मलाही आवडते. पण दर आडनावाला घोरपड कुठून आणणार?

तात्यांच्या शोधाला पहिला मोठा पुरावा मिळाला तो दप्तरात नव्हे, माळ्यावर. दिवाळीच्या आवराआवरीत काकूंनी तांब्याचा एक हंडा खाली काढला. पूर्वी भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. छिन्नीनं ठिपका-ठिपका ठोकत ओळ काढायची: कोणी दिलं, कोणाला, कधी. काकूंनी हंडा चिंचेनं घासला, तशी काठाखालची अक्षरं उजेडात आली. तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलून, भिंग लावून वाचलं: ‘बा. वि. टकले, मु.’ आणि पुढे शके 1809. ‘मु.’च्या नंतरचं गाव नेमकं पोच्यात गेलं होतं.

“टकले कोण?” तात्या म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा हात नकळत डोक्यावर गेला. माझाही गेला.

मग हळूहळू उलगडा झाला. तात्यांच्या एका म्हाताऱ्या आत्यानं फोनवर हसत हसत सांगितलं, की हो, घराला टकलेच म्हणायचे. माझ्या आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. पोरं आधीच चिडवत होती, म्हणून त्यांनी ‘बोरगावकर’ सांगितलं. इंग्रजी अमदानीत शाळेचा पट, कोर्ट, पोस्ट, सगळ्यांना आडनाव लागायला लागलं, आणि पटावर जे चढलं ते कायमचं झालं. सात-आठ वर्षांच्या पोरानं घाबरून दिलेल्या उत्तरावर आमचं घराणं उभं आहे.

तात्यांनी दोन दिवस मौन पाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. “टकले हे टका या शब्दावरून आहे. टका, टांकसाळ. आपण टांकसाळीचे दारोगा होतो!”

“अहो,” काकू म्हणाल्या, “दारोग्याचा हंडा असा पातळ पत्र्याचा असतो होय?”

काकूंचा या शोधावर पहिल्यापासून राग आहे आणि तो रास्त आहे. तात्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या वंशवृक्षात सगळे पुरुष चौकटीत आहेत आणि बायका कंसात. काही ठिकाणी तर नुसताच कंस. “माझं माहेर कुठंय यात?” असं काकूंनी विचारलं, तर “ते त्यांच्या कुलवृत्तांतात असेल” म्हणाले. काकूंच्या माहेरच्या कुलवृत्तांतात काकू ‘कन्या 2’ या आकड्यात आहेत. तिथून लग्न करून गेल्या आणि इथे नावासकट बदलल्या. म्हणजे दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडल्या. पण गंमत अशी, की कोणाची मावसबहीण कोणाच्या चुलतभावाला दिली, कोणाचं पहिलं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा खरा कोणाकडून दत्तक आला, हे सगळं तात्या काकूंनाच विचारतात. मग ते लिहून घेतात आणि खाली ‘संशोधक’ म्हणून स्वतःचं नाव घालतात.

एकदा मी तात्यांना साधा हिशेब मांडून दाखवला. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलं की 1024 पूर्वज होतात. आडनाव त्यांतल्या एकाचं. उरलेल्या 1023 जणांनीही आपल्याला जन्माला घालायला तेवढेच कष्ट घेतले, त्यांचं काय? वीस पिढ्यांवर दहा लाख अठ्ठेचाळीस हजार होतात. तीस पिढ्यांवर, म्हणजे यादवांच्या काळाच्या आसपास, एकशे सात कोटी. तेव्हा अख्ख्या पृथ्वीवर तेवढी माणसं नव्हती. याचा अर्थ तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, मामाची मुलगी करायची चाल असलेल्या प्रांतात तर जरा लवकरच येतात. इतक्या गर्दीत सरदार एखादा असेलच, आणि त्याचा घोडा चोरणाराही असेल. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे सरदार आहे, हे तू मान्य करतोस.”

त्यानंतर तात्या मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, 1910 मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कागदांची वाण नाही. वाण आहे ती वाचणाऱ्यांची. मोडीत आधी एक लांबलचक रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत हात न उचलता पळत सुटायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही. आत्याच्या ट्रंकेत निघालेला एक कागद तात्यांनी वर्गात शिकलेल्या विद्येवर वाचला. पूर्वजाच्या नावापुढे स्वच्छ ‘सरदार’ लिहिलं होतं. घरात पेढे आले. मग तो कागद त्यांनी मोडीच्या जाणकार सरांना दाखवला. सरांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “सरदार नाही हो. कर्जदार. बैलजोडी तारण ठेवून घेतलेत. फेडल्याचं काही दिसत नाही.”

“मी म्हटलं नव्हतं?” काकू म्हणाल्या.

सरांना बसायलाही वेळ नव्हता, कारण मोडी वाचणाऱ्यांचे सध्या दिवस पालटलेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी बाडं फडक्यातून बाहेर आली. आमचे तात्या सरदार शोधतायत नेमक्या त्याच वेळी निम्मं राज्य कागदांत नांगर धरणारा पणजोबा शोधतंय. कुणबी दाखल्याच्या खिडकीवर भाला-घोड्याला काही किंमत नाही. तिथे खापरपणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा एक पिवळा चिटोरा सनदेपेक्षा भारी पडतो, आणि खापरपणजोबा शाळेतच गेले नसतील तर नातवाची पंचाईत. तरी आपण सुखी. पूर्वी वतनाचा तंटा कागदांनी सुटला नाही तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि फोड आला नाही तर तुमचे पणजोबा खरे. हल्ली नुसतं प्रतिज्ञापत्र लागतं. तेल फक्त झेरॉक्सवाल्याशेजारच्या वड्यांचं.

शेवटचा आसरा म्हणून तात्या मला आणि काकूंना घेऊन नाशिकला गेले. रामकुंडावर पाय ठेवला की ‘गाव कोणतं, आडनाव काय?’ असा प्रश्न चारी बाजूंनी येतो. महाराष्ट्रात इतक्या आस्थेनं तुमच्या पूर्वजांची चौकशी दुसरीकडे कुठेच होत नाही. विचारत विचारत आम्ही एका क्षेत्रोपाध्यांच्या माजघरात जाऊन बसलो. गुरुजींनी फडताळातून लांबोळक्या, चामडी पुठ्ठ्याच्या वह्या काढल्या. पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यात्रेकरूंनी त्यांत स्वतःच्या हातानं नावं लिहिलेली.

“गाव?”

“बोरगाव.”

“कुठलं?”

“तेच विचारायला आलोय,” तात्या म्हणाले.

बोरगावकर या नावाखाली काही निघालं नाही. गुरुजी वही मिटू लागले. तात्यांनी दाराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “टकले बघा जरा.”

गुरुजींचं बोट झरझर खाली उतरलं आणि थांबलं. माझे पणजोबा आईला घेऊन आले होते. वळणदार नव्हे, पण ठसठशीत अक्षर. वडिलांचं नाव, भावांची नावं, शेवटी ‘मूळ गाव बोरगाव’. तात्या वहीवर इतके वाकले की गुरुजींनी वही मागे ओढली.

“तालुका? जिल्हा?”

“तालुका नाही लिहिलेला,” गुरुजी म्हणाले. “त्यांना माहीत होतं ना कुठलं ते.”

मग रीतीप्रमाणे गुरुजींनी नवीन पान उघडून तात्यांच्या हाती पेन दिलं. पुढच्यांचे हाल होऊ नयेत म्हणून तात्यांनी तालुका, जिल्हा, पिनकोड, मोबाइल आणि ‘उपअभियंता (निवृत्त)’ असं सगळं लिहिलं. ओळ संपून समासात गेली. काकूंनी पेन काढून घेतलं आणि त्याखाली स्वतःचं नाव, माहेरच्या नावासकट, कंस न घालता लिहिलं.

“आता राहायला कुठे?” गुरुजींनी दक्षिणा कनवटीला लावत विचारलं.

“पुण्यात. कोथरूडला.”

गुरुजींनी मान डोलावली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, “अरे, कोथरूडकरांना चहा सांग रे!”